सात फूट दोन इंच आणि इंग्रजीचा पेपर

हॉस्टेलमध्ये एखादा सव्वासहा फुटी पोरगा नवीन आला की पहिल्याच आठवड्यात त्याला कोणीतरी विचारतंच, "बास्केटबॉल खेळतो का बे?" तो बिचारा 'नाही' म्हणाला की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव, जणू देवानं उंची फुकट घालवली! आपल्याकडे या खेळाचं गणित असंच आहे. उंची दिली की झालं, बाकी सगळं आपोआप. या गणिताचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे सतनाम सिंग भामरा. सात फूट दोन इंच! मला त्याच्याबद्दल लिहायचंय, पण त्याच्या उंचीबद्दल नाही. त्याची करिअर वाचताना मला राहून राहून आपलं फर्स्ट इयर आठवत होतं. ते का, ते हळूहळू सांगतो.

सतनामचा जन्म १० डिसेंबर १९९५ चा, पंजाबच्या बरनाला जिल्ह्यातल्या बल्लो के या छोट्याशा गावातला. वडील बलबीर सिंग शेतकरी, घरची पिठाची चक्की. वडीलही सात फुटांच्या वर. त्यांना तरुणपणी कोणी कोणी बास्केटबॉल खेळायला सांगितलं होतं, पण घरच्यांनी सोडलं नाही. शेतीत हात लागत होते. (हे वाक्य आपल्यापैकी किती जणांच्या घरात बोललं गेलंय, ते ज्याचं त्याला ठाऊक.) मुलाच्या वेळी मात्र वडिलांनी ठरवलं आणि त्याला लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत पाठवलं. तिथे प्रशिक्षक एस. सुब्रमण्यम यांनी त्याला घडवायला घेतलं. २०१० साली आयएमजी-रिलायन्सच्या स्कॉलरशिपवर काही भारतीय मुलामुलींची निवड झाली आणि त्यांना अमेरिकेत फ्लोरिडामधल्या ब्रॅडेन्टन गावच्या आयएमजी अकादमीत नेण्यात आलं. सतनाम तेव्हा चौदा वर्षांचा होता. इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे 'कच्चं होतं' असं नाही, येतच नव्हतं.

आता जरा थांबून अमेरिकेतली पद्धत समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. तिथला पोरगा शाळेत खेळतो, मग कॉलेजात खेळतो आणि तिथून एनबीएच्या ड्राफ्टमध्ये जातो. कॉलेज ही नुसती पदवीची जागा नाही. तिथे वर्षाला तीसेक सामने होतात, भरलेल्या स्टेडियममध्ये, आणि दोन-चार वर्षांत पोरगा चुका करत करत तयार होतो. पण कॉलेजच्या वरच्या विभागात खेळायचं तर एनसीएए या संस्थेचे शैक्षणिक नियम पाळावे लागतात. शाळेतले ठरावीक १६ मुख्य विषय पास हवेत, त्यात चार वर्षांचं इंग्रजी, शिवाय ठरावीक ग्रेड, आणि तेव्हा तर सॅटसारख्या परीक्षेचे मार्कही लागायचे. बॉल कितीही चांगला टाका, हा कागद पुरा झाला नाही तर कोर्टवर पाय ठेवता येत नाही.

सतनामचा कागद पुरा झाला नाही. चौदाव्या वर्षी पंजाबी शाळेतून उठून जो मुलगा थेट अमेरिकन वर्गात बसला, त्याला पाच वर्षांत भाषा शिकायची होती, त्याच भाषेत इतर विषय शिकायचे होते आणि दिवसातले कित्येक तास सरावही करायचा होता. बोलण्यापुरतं इंग्रजी तो शिकला, मुलाखती देऊ लागला. पण परीक्षेचं इंग्रजी वेगळं असतं हे इथे कोणाला सांगायला नको. कॉलेजची वाट बंद झाली. मग एकच दार उरलं, सरळ ड्राफ्ट.

२५ जून २०१५. तीस संघ, दोन फेऱ्या, साठ नावं. बावन्नाव्या क्रमांकावर डॅलस मॅव्हरिक्सनी सतनामचं नाव पुकारलं. एनबीएमध्ये ड्राफ्ट झालेला तो पहिला भारतीय नागरिक. आपल्याकडे पेपरांनी पहिल्या पानावर छापलं, पेढे वाटले गेले. पण एक गोष्ट त्या बातम्यांत कौतुकाने लिहिली होती ती मला आज कौतुकाची वाटत नाही. २००५ नंतर कॉलेज, परदेशी लीग किंवा खालची डी-लीग यांपैकी काहीच न खेळता थेट शाळेतून निवडला गेलेला तो पहिला खेळाडू होता. सगळ्यांनी याला उडी म्हटलं. मला तर ती शिडीची मधली पायरी तुटलेली दिसते.

शिवाय ड्राफ्ट म्हणजे नोकरी नव्हे. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्या फेरीतल्यांना ऑफर लेटर मिळतं, दुसऱ्या फेरीतल्यांना 'वुई विल गेट बॅक टू यू'! त्यांना कराराची हमी नसते. सतनाम जुलैमध्ये समर लीगमध्ये मॅव्हरिक्सकडून खेळला, आणि मग त्यांच्या खालच्या संघात, टेक्सास लेजंड्समध्ये, डॅलसजवळच्या फ्रिस्को गावी दोन सीझन राहिला. एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याच्या वाट्याला आला नाही. लेजंड्समध्येही बहुतेक वेळ बेंचवरच गेला. त्या काळी डी-लीगमध्ये वरच्या श्रेणीतल्या खेळाडूचाही पगार सीझनला पंचवीस हजार डॉलरच्या आसपास असायचा. टीव्हीवर एनबीए बघून आपण जे कोटींचे आकडे धरतो, त्याच्याशी याचा काही संबंध नाही.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. २०१७ मध्ये तो भारतात परतला. २०१८-१९ मध्ये कॅनडाच्या लीगमध्ये सेंट जॉन्स एज या संघाकडून खेळला. नोव्हेंबर २०१९ मध्ये डोप चाचणीत हायजेनामाइन सापडल्याने तात्पुरती बंदी आली आणि डिसेंबर २०२० मध्ये नाडाने दोन वर्षांची शिक्षा दिली. (हे द्रव्य काही वनस्पतींत आणि काही सप्लिमेंट्समध्येही असतं. आपल्या जिममध्ये जे गडी ओळखपाळख नसलेल्या डब्यातली पावडर दुधात घालून पितात, त्यांच्यासाठी ही आगाऊ सूचना.) बंदीतच, २०२१ मध्ये, त्याने एईडब्ल्यू या अमेरिकन कुस्ती कंपनीशी करार केला आणि २०२२ पासून तो तिथे रिंगमध्ये दिसू लागला.

म्हणजे शेवटी पुन्हा उंचीच विकली गेली, असं आमच्या विंगमधला एकजण म्हणाला. बाकीचे हसले. कॉमन रूममध्ये एकंदर निकाल असा लागला की 'पंजाब्याला चान्स मिळाला आणि त्याने घालवला'. या निकालाशी माझं भांडण आहे.

आधी विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडतो. तो हळू होता, आणि त्याच वर्षांत खेळच बदलत होता. ज्या जून महिन्यात सतनामचा ड्राफ्ट झाला त्याच जूनमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सनी फायनल जिंकली, आणि तीही अशी की चौथ्या सामन्यापासून आपला उंच सेंटर अँड्र्यू बोगट याला सुरुवातीच्या पाचातून काढून आंद्रे इग्वाडालाला घेतलं. बास्केटखाली उभ्या राहणाऱ्या धिप्पाड माणसाचा भाव तिथेच उतरायला लागला होता. दुसरं उदाहरण सिम भुल्लरचं. टोरंटोत पंजाबी घरात जन्मलेला, सात फूट पाच इंच. त्याला भाषेची अडचण नव्हती, न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाकडून तो कॉलेज बास्केटबॉल खेळला. तरी एनबीएमध्ये त्याच्या वाट्याला आले एप्रिल २०१५ मधले तीन सामने, सॅक्रामेंटो किंग्जकडून. तेव्हा कॉलेज मिळालं असतं तर सतनाम स्टार झाला असता, असा दावा मी करत नाही. पण भुल्लर पुढे तैवानमध्ये व्यावसायिक म्हणून खेळत राहिला. खेळाडू म्हणून पोट भरायला लागतं तेवढं त्याच्याकडे तयार होतं. सतनामला ते तयार करायची वर्षंच मिळाली नाहीत.

आता याओ मिंग घ्या. सतनामला पेपरवाले 'भारताचा याओ मिंग' म्हणायचे. पण याओ २००२ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सकडे पहिल्या क्रमांकावर गेला तेव्हा तो शांघाय शार्क्सकडून चीनच्या स्वतःच्या व्यावसायिक लीगमध्ये पाच सीझन खेळून आला होता. खेळ तो घरी, आपल्या भाषेत शिकला होता. आणि ह्यूस्टनला गेल्यावर? त्याच्याबरोबर कॉलिन पाइन नावाचा दुभाषी होता! प्रॅक्टिसला, पत्रकारांपुढे, सगळीकडे. साडेसात फुटी माणसाला कोणी म्हणालं नाही की आधी इंग्रजी शिकून ये, मग पास देतो. गरज संघाला होती, म्हणून दुभाषी संघाच्या बाजूने आला. चौदा वर्षांच्या सतनामच्या वेळी सगळी गरज त्याची एकट्याची होती.

आपल्या देशात त्याच्यासाठी अशी लीगही नव्हती. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, पोलीस यांचे संघ आणि त्यातली नोकरी, हेच आपलं 'प्रो बास्केटबॉल'. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये आपला पुरुष संघ एकदाच गेला. त्याआधी आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या नागपाड्यातल्या गल्ल्यांतून अब्बास मुन्तसिरसारखा खेळाडू निघाला, भारताचा कर्णधार झाला, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. पण अशा माणसाला तेव्हा जायला व्यावसायिक लीग कुठे होती? नंतरच्या पिढीतला अमृतपाल सिंग २०१७ मध्ये सिडनी किंग्जकडे गेला, अमज्योत सिंग ओक्लाहोमा सिटी ब्लूकडे. दोघंही पंचविशीच्या आसपासचे, भारतीय संघात मुरलेले. त्यांना परक्या भाषेत खेळ शिकायचा नव्हता, आलेला खेळ दाखवायचा होता. हा फरक फार मोठा आहे.

लांब कशाला, आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जवकार बघा. बुलढाण्यात सराव करून तयार झालेला हा तिरंदाज मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात जगातल्या अव्वल माईक श्लोसरला १४९-१४८ ने हरवून सुवर्ण घेऊन आला, आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंड संघाच्या सुवर्णातही होता. धनुष्य ओढायला इंग्रजीचे चार क्रेडिट लागत नाहीत, हे त्याचं आणि आपलं नशीब.

आणि एक उदाहरण तर थेट आपल्या कॉलेजचं वाटावं असं आहे. सतनामबरोबर फ्लोरिडाला गेलेल्यांत छत्तीसगडची कविता अकुला होती. ती आधी नेब्रास्कामधल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात गेली, आणि तिथून ॲरिझोनातल्या ग्रँड कॅनियन विद्यापीठात, पहिल्या विभागात खेळायला. ओळखीचं वाटलं? डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला येतात तेच हे! मधली पायरी असली की माणूस चढतो. आपले डिप्लोमावाले प्रॅक्टिकलमध्ये आपल्याला कसे खाऊन टाकतात ते सगळ्यांनी पाहिलंय.

तर आता हॉस्टेल. मी अकोल्याला कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. (आपल्या भागात हल्ली पत्र्याच्या शेडवरही 'कॉन्व्हेंट' अशी पाटी असते, पण माझं खरंच सिस्टर्सवालं होतं. त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी मराठी विभागाच्या संपादकांवर.) फर्स्ट इयरला मला लेक्चर समजायचं. मी हुशार म्हणून नाही, तर भाषा कानाखालची म्हणून. माझा रूममेट मोताळा तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतला, बारावीपर्यंत मराठी आणि मग एकदम 'द मॅग्नेटिक फ्लक्स लिंकिंग द कॉइल…'. आमच्या मजल्यावर कोणाचा टेबल फॅन, इस्त्री, मेसचा मिक्सर, काहीही बिघडलं तर हाक त्यालाच.

मशीन्सच्या व्हायवाला त्याला विचारलं, "व्हॉट इज स्लिप?" हा उभा. परत विचारलं. हा उभाच. दहापैकी तीन मार्क. मी पाठ केलेली व्याख्या फाडफाड बोललो, मला नऊ. रात्री मेसमधून येताना मी त्याला सहज मराठीत विचारलं तर म्हणतो, "अबे, विहिरीवरची मोटर लोडवर आली की जराशी मंद नाही का होत? थेच. आतलं चुंबकीय क्षेत्र फिरत पुढं पळते, रोटर त्याच्या मागं. दोघं बरोबरीत आले तं रोटरमध्ये करंटच नाही येणार, मग जोर कुठून येईन? म्हून थो मागंच राह्यला पाहिजे." मला स्लिप त्या रात्री समजली. माझे नऊ मार्क त्याच्या आधीचे होते!

आता सांगा, यातला 'ढ' कोण?

असे मजल्यावर चार-पाच तरी आहेत. कोणाची एम-टू आणि मेकॅनिक्स दोन्ही बॅक, कोणी ईयर डाउन होऊन गावी बसला आणि मग आलाच नाही. घरच्यांना वाटतं पोराला इंजिनिअरिंग झेपलं नाही. कदाचित त्यालाही तसंच वाटत असेल. उंच पोराला बघून 'बास्केटबॉलवाला' म्हणणं आणि गप्प पोराला बघून 'झेपत नाही' म्हणणं, दोन्हींत आपण मोजतोय चुकीची गोष्ट. हे फक्त शिक्षक करत नाहीत. सेमिनारमध्ये कोणी 'डाटा विल बी गोड' म्हणालं तर मागच्या बाकांवरून जे खिदळणं येतं, ते आमच्याच, कॉन्व्हेंटवाल्यांच्याच बाकांवरून येतं.

स्टाफमधल्या काही सरांशी बोललो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. कॅम्पसला कंपनी येते ती इंग्रजीत बोलते, डेटाशीट इंग्रजीत असते, विद्यापीठाचा पेपर इंग्रजीत असतो. एका सरांनी विचारलं, "मराठीत शिकवून आम्ही तुमचं नुकसान करू का?" २०२१ मध्ये एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. पण मी ते मागत नाहीये. इथल्या पोरांना पुण्या-मुंबईत, बेंगळुरूत नोकरी हवी आहे, आणि तिथे इंग्रजीशिवाय भागणार नाही हे तेही जाणतात. माझ्या रूममेटला इंग्रजी हवंच आहे. त्याचं फक्त एवढंच म्हणणं की दोन्ही एकाच दिवशी मागू नका. आधी स्लिप समजू द्या, मग तिचं इंग्रजी करू. सतनामकडून दोन्ही एकदम मागितलं गेलं, आणि मग सगळ्यांनी त्याला हळू म्हटलं.

मागणी छोटी आहे. फर्स्ट इयरच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये व्हायवाला मराठीत उत्तर चालावं. टॉर्क, फ्लक्स, स्लिप हे शब्द आहेत तसेच राहू देत, मधली वाक्यं मराठी. मार्क संकल्पनेचे द्या. सेकंड सेमपासून इंग्रजी सक्तीचं करा, कोणी कुरकुरणार नाही. याला विद्यापीठाची परवानगी लागत नाही, व्हायवा आपलेच सर घेतात. आणि काही सर हे आधीपासून करतात. त्यांच्या बॅचमध्ये पोरं प्रश्नही विचारतात.

बाकीचं आपल्या हातात आहे. थर्ड इयरचे आम्ही सहाजण येत्या सोमवारपासून रात्री ९ ते १० मेसच्या वरच्या हॉलमध्ये बसणार आहोत. आधी विषय मराठीत, मग तेच सगळं इंग्रजीत उभं राहून बोलायचं. चुकलं तर कोणी हसायचं नाही. मशीन्स माझा रूममेट शिकवणार, इंग्रजी मी बघणार, आणि मेकॅनिक्ससाठी डिप्लोमावाले दोघं तयार झालेत. रेक्टर सरांनी हॉलची चावी द्यायचं कबूल केलंय. फळा आहे, खडू नाहीत. स्टोअरमधून एक डबा कोणीतरी सोमवारच्या आत मागून ठेवा.